स्टॉलच्या नावाखाली १७,८०० रुपये गेले, चित्रंही गेली

गोव्यात पोस्टर, प्रिंट, हाताने काढलेली चित्रं विकणाऱ्यांनी हे वाचाच. इफ्फी, म्हणजे गोव्यातला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, जवळ आला की स्टॉलच्या नावाने पैसे उकळणारे पुन्हा फिरायला लागतील.

मी जुन्या सिनेमातल्या पात्रांच्या जागी पोस्ट-पंक, गॉथ (रॉकचे काळोखे प्रकार) गायक बसवून चित्रं काढते. 'द क्युअर' बँडचा गायक रॉबर्ट स्मिथ हा १९२० च्या 'कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी' या मूकपटातला, झोपेत चालणारा सेझार, दोघांचेही डोळे काजळाने माखलेले. गायिका सूझी सू ही १९३५ च्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मधली वधू, उभ्या केसांत ते पांढरे पट्टे. फोंड्यात या विषयावर बोलायला माणूस मिळत नाही. म्हणून एका अनोळखी माणसाचा मेसेज आला, "झोपेत चालणारा गायक अजून जागा झालेला नाही, वा!", तेव्हा मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही.

ते वाक्य माझंच होतं. चित्राखाली मीच लिहिलेलं. त्याने मला माझंच वाक्य परत वाचून दाखवलं आणि मी त्याला जाणकार समजले! कागद कुठला, किती प्रती, सही आहे का, यातलं एक अक्षर त्याने विचारलं नाही. खरा घेणारा आधी तेच विचारतो. हे आता रात्री झोपताना आठवतं आणि अंगाचा तिळपापड होतो.

मग त्याने स्टॉल देऊ केला: इफ्फीच्या दिवसांत पणजीत कांपालला सिनेमा-पोस्टरांचा बाजार, स्टॉल १०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. शिक्क्यासकट इन्व्हॉइस आलं. पत्ता पणजीचा, जीएसटी नंबर मात्र ०७ ने सुरू होणारा. गोव्याचा ३० ने सुरू होतो, ०७ दिल्लीचा. मी ते पाहिलं होतं. पण इव्हेंटवाले दिल्ली-मुंबईहून येतात हे कोणाला नवीन आहे? पैसे पाठवताना स्क्रीनवर कंपनीऐवजी भलत्याच माणसाचं नाव दिसलं, तर म्हणे अकाउंटंटचं खातं. तिथेच थांबा. नाव जुळत नसेल तर एक रुपयाही पाठवू नका.

नंतर स्टॉलच्या दिव्यांचं डिपॉझिट ६,०००, परत मिळणारं म्हणे. आणि कॅटलॉगसाठी फाइली. बारा बाय अठरा इंच, ३०० डीपीआय, वॉटरमार्क नको, छपाईत दिसतो. कारण पटण्यासारखंच होतं, छापखान्यालाही अशाच फाइली लागतात. मी दिल्या. त्या भरवशावर २४ प्रिंट ३५० रुपयांनी छापून घेतल्या, ८,४०० तेही गेले. सगळे मिळून २६,२००. त्यानंतर फोन बंद.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न काय? "तुमीच पयशे धाडल्यात न्हय?" मग हद्दीचा घोळ. मी फोंड्याची, बाजार पणजीत, खातं परराज्यातलं, म्हणून कोणीच लिहून घेईना. अहो, हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यायचा असं नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय! बँकेत गेले तर "पिन तुम्हीच टाकलात" म्हणून हात वर. पुढे हणजुणेला एका टी-शर्टवर माझी सूझी दिसली, पांढरा पट्टा मी मुद्दाम डावीकडे झुकवलेला, तो तसाच. पुन्हा ठाण्यात. तिथले साहेब म्हणतात, "चेहरे तरी तुमचे कुठे आहेत? कोर्टात जा." रेषा माझी आहे, रंग माझे आहेत! कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय गुन्हा नोंदवू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय. हे एका चित्रकर्तीने ठाण्यात वाचून दाखवायचं, आणि समोरच्याने चहा ढवळत ऐकायचं?

इफ्फीच्या नावाने कोणी पैसे मागितले तर आधी पणजीत, इफ्फीच्या आयोजनात असलेल्या एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवात जाऊन विचारा. जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून पाहा, फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. पैसे गेलेच तर ठाण्याच्या बाकावर वेळ घालवू नका, त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, म्हणजे पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवता येतं. मला हे फार उशिरा सांगितलं गेलं, आणि तेही ठाण्यातून नाही. मूळ फाइल कोणालाही देऊ नका, कॅटलॉगला लहान आकार पुरतो.

हेच ०७ वालं इन्व्हॉइस आणखी कोणाकडे आलं असेल तर आपापली तक्रार नोंदवा आणि मला तिचा क्रमांक कळवा. मी सगळे एकत्र जोडून वर अर्ज देणार आहे.