सोयाबीनचा पीक विमा : पैसे मोजून नेमकं काय मिळतं?

एक रुपयातला पीक विमा 2025 च्या खरिपापासून बंद झाला आणि आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औसा भागात बऱ्याच जणांनी विम्याचं नावच टाकलं. मी हप्ता भरला, पुढेही भरीन. तरी पाचपैकी दोनच तारे देते.

घरचा हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून आधी पैशाचं सांगते. खरिपाच्या पिकाला शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या 2 टक्के, रब्बीला दीड, नगदी आणि फळपिकांना 5. सोयाबीनला हेक्टरी 50 हजारांचं संरक्षण धरलं तर हप्ता हजार रुपये, म्हणजे एकरी चारशे. एका फवारणीला याहून जास्त जातात. कंपनीचा खरा हप्ता बराच मोठा असतो, वरचा फरक केंद्र आणि राज्य सरकार भरतं. तेव्हा महाग म्हणून कुणी नाक मुरडत असेल तर ते मला पटत नाही.

अर्जाला सातबारा, आठ-अ, पासबुक, पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र आणि आता फार्मर आयडी लागतो. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून केलेल्या पिकाच्या सरकारी नोंदीत एक पीक आणि अर्जात दुसरं, असं झालं की दावा अडकलाच. सेवा केंद्रवाल्याला अर्जामागे 40 रुपये कंपनीकडून मिळतात. तरीही "ताई, प्रिंटचे शंभर द्या" हे ऐकावं लागतंच. देऊ नका.

आता मुद्द्याचं. हा विमा माझ्या शेताचा नाही, महसूल मंडळाचा, म्हणजे आसपासच्या अनेक गावांचा मिळून आहे, आणि लोकांचा सगळा राग इथूनच सुरू होतो. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घेऊन मंडळाची सरासरी काढतात आणि तिच्या 70 टक्क्यांवर उंबरठा उत्पादन ठरतं; उत्पादन त्याच्याखाली गेलं तरच भरपाई. समजा सरासरी हेक्टरी 15 क्विंटल, तर उंबरठा साडेदहा. यंदा मंडळाचा उतारा, म्हणजे हेक्टरी उत्पादन, 8 आलं, तर तूट अडीच क्विंटलची. अडीच भागिले साडेदहा, गुणिले 50 हजार : हेक्टरी सुमारे 11 हजार 900, एकरी पावणेपाच हजारांच्या आसपास. आमच्याकडे काढणीच्या मजुरीचं गुत्तं (ठेका) जेवढं जातं, साधारण तेवढं. आणि उतारा 11 आला तर? शून्य. पंधराचे अकरा झाले तरी शून्य. पहिली 30 टक्के तूट आपल्याच डोक्यावर असते, हे अर्ज भरताना कुणी सांगत नाही.

हा आठ की अकरा ठरतो कसा, ते एकदा उभं राहून बघा. आमच्या शेजारच्या गटात पीक कापणी प्रयोग झाला तेव्हा मी बांधावर होते. कृषी सहायक, कंपनीचा पोरगा, पोलीस पाटील आणि चार बघे. रानात कुठे शिरायचं ते यादृच्छिक आकड्यावरून ठरतं, कुणाच्या मर्जीवर नाही. टेप लावून 10 मीटर बाय 5 मीटरचा चौकोन आखला, चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. आतलं तेवढंच सोयाबीन कापून ताडपत्रीवर बडवलं, उफणलं, काट्यावर घातलं, प्रत्येक टप्प्याचा फोटो ॲपमध्ये चढवला. चौकोन 50 चौरस मीटरचा, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. त्यातलं एक किलो म्हणजे हेक्टरी दोन क्विंटल! ताडपत्रीबाहेर उडालेल्या दोन मुठी दाण्यांनी काय फरक पडत असेल त्याचा हिशेब करा. दोरीवर आलेली झाडं आत धरायची की बाहेर, यावर अर्धा तास घोळ चालला होता, तो उगाच नव्हता. गावात प्रयोग असेल त्या दिवशी कामधंदा सोडून तिथे जा, एवढं सांगते.

2025 पूर्वी निदान वैयक्तिक नुकसानीची सोय होती. पाणी साचलं, गारपीट झाली, कापून टाकलेलं भिजलं, की 72 तासांत ॲपवर नाहीतर 14447 वर कळवायचं. एका वर्षी आमची बनीम (कापून रचलेला ढीग) भिजली तेव्हा मी वेळेत कळवलं, पण पाहणीचा माणूस आला तोवर रास होऊन गेली होती. त्या दाव्याचं पुढे काही झालं नाही. तरी दार उघडं होतं. राज्याने नव्या रचनेत पेरणी न होणं, हंगामातली प्रतिकूल स्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान, हे चारही आधार काढून फक्त कापणी प्रयोगावरची भरपाई ठेवली. बोगस अर्ज फार झाले होते हे खरंच, सरकारी जमिनीवरसुद्धा विमा उतरवला होता लोकांनी. पण चोर भलताच आणि दंड आम्हाला. 2025 च्या सप्टेंबरच्या पावसात ओढ्याकाठची रानं खरवडून गेली, त्यांना स्वतंत्र दावाच उरला नव्हता.

आणि भाव? त्याला या विम्यात जागाच नाही. कंपनी क्विंटल मोजते, आडतीवरची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, रुपयांत येते. 2021 च्या ऑगस्टमध्ये लातूरच्या मार्केटला सोयाबीन दहा हजारांच्या घरात होतं, नवा माल आला आणि भाव निम्म्यावर घसरला. 2024 ला हमीभाव 4,892 असताना बाजारात चार हजारांच्या आसपास विकलं. उतारा बरा होता, म्हणून विमा गप्प. अमेरिकेतला सोयाबीनवाला उतारा आणि भाव मिळून उत्पन्नाचा विमा काढू शकतो : फेब्रुवारीतल्या वायद्यांची (पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आधीच ठरवणाऱ्या सौद्यांची) सरासरी आणि ऑक्टोबरमधली सरासरी ताडून बघतात, दोन्हींतलं काहीही पडून उत्पन्न हमीखाली गेलं की भरपाई. आपल्याकडे तसं करायचं म्हटलं तर वायदाच कुठाय? बाजारांवर देखरेख करणाऱ्या सेबीने 2021 च्या डिसेंबरात सोयाबीनचे वायदे थांबवले आणि मग मुदतवाढीवर मुदतवाढ दिली.

भावासाठी म्हणून मी थोडा माल बाजार समितीच्या तारण योजनेत ठेवते. किमतीच्या 75 टक्के कर्ज, 6 टक्के व्याज, 180 दिवस. दिवाळीचा खर्च आणि रब्बीचं खत भागतं, पडत्या भावात सगळे कट्टे घालावे लागत नाहीत. भाव वर गेलाच नाही तर मात्र गोदामात ठेवून फायदा नाही.

ज्यांचं रान मंडळातल्या चारचौघांसारखं आहे त्यांनी 31 जुलैची वाट न बघता हप्ता भरावा, शेवटच्या आठवड्यात सर्व्हर बसतो. ज्यांचं एकट्याचंच रान ओढ्याच्या खोलगटात आहे त्यांना हे चारशे रुपये आजच्या नियमात फारसे कामाचे नाहीत, आणि माझे तीन तारे तिथेच गेले.