सहावी-सातवीचा नागरिकशास्त्र प्रकल्प: मोहीम, शाळेतला कचरा की वॉर्डातला प्रश्न?

सहावीच्या नागरिकशास्त्रात स्थानिक शासन संस्था शिकवतात, सातवीत संविधान. मुलं महापौर, आयुक्त, प्रभाग समिती हे सगळं व्यवस्थित पाठ करतात. पण शाळेच्या दारातला उखडलेला फुटपाथ दुरुस्त करणं कोणाचं काम, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. म्हणूनच शाळांनी परिसराचे प्रकल्प घ्यावेत असं मला मनापासून वाटतं. पुण्यात त्यासाठी साधारण तीन वाटा दिसतात. वर्षाच्या सुरुवातीला त्यातली कोणती धरायची हे ठरवताना मी एकच गोष्ट तपासते: ज्याच्या हातात निर्णय आहे, त्या माणसासमोर मुलं आपलं म्हणणं घेऊन उभी राहणार आहेत का?

एका दिवसाची मोहीम

विसर्जनाला घाटावर निर्माल्य गोळा करणं, वेताळ टेकडीवरचं प्लॅस्टिक उचलणं, पावसाळ्यात झाडं लावणं. याला तयारी कमी लागते, पालक लगेच हो म्हणतात, दोन तुकड्या एकत्र नेता येतात. विसर्जनाच्या गर्दीत आणि भरल्या नदीकाठी अकरा-बारा वर्षांची मुलं नेण्यापेक्षा टेकडी बरी.

पण माझ्या कसोटीवर ही वाट टिकत नाही. कचरा तिथे आला कुठून, कचऱ्याची पेटी का नाही, ती कोणी ठेवायची, हे प्रश्न त्या सकाळी कोणी विचारत नाही. मोहीम करायचीच असेल तर ती मोठ्या प्रकल्पाचा पहिला दिवस म्हणून करावी. गोळा केलेल्या पिशव्या वर्गात उघडाव्यात, काय काय निघालं ते फळ्यावर मांडावं आणि तिथून पुढे जावं.

शाळेतला कचरा

पहिल्यांदाच प्रकल्प घेणाऱ्या शाळेला मी हीच वाट सुचवेन. चार ते सहा आठवडे पुरतात, बाहेरच्या परवानग्या लागत नाहीत आणि निर्णय घेणारी व्यक्ती, म्हणजे मुख्याध्यापक, त्याच इमारतीत असतात. मुलांनी आठवडाभर रोज मधल्या सुट्टीनंतर कचरा वेगवेगळा करून तराजूवर तोलायचा: डब्यातलं उरलेलं अन्न, कागद, वेफर्सची पाकिटं. हातमोजे द्यावेत, आणि स्वच्छतागृहातल्या कचऱ्याला मुलांनी हात लावू नये, त्याची नोंद मोठ्यांनी करावी. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवायला सांगितलं होतं. आपल्या शाळेत ते कितपत होतं, हे आठवड्याच्या शेवटी आकड्यांत समोर येतं.

या बाबतीत पुण्याला एक मोठी जोड आहे. कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत इथे 1993 मध्ये उभी राहिली आणि पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली. दारावर कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना वर्गात बोलवा, खुर्ची द्या, मुलांना प्रश्न विचारू द्या. आमटी सांडलेल्या कागदाला भाव मिळत नाही, हे त्यांनी एकदा सांगितलं की डबा आणि कागद एकाच पेटीत का टाकायचा नाही, ते मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. ज्यांच्या श्रमावर शहर चालतं त्या माणसांशी आदराने बोलणं हाही नागरिकशास्त्राचाच भाग आहे, आणि पुस्तकात त्याला पुरेशी जागा नाही.

उणीव इतकीच की हा प्रकल्प फाटकाच्या आत राहतो, आणि शिक्षकांचं लक्ष जरा ढळलं तर त्याची पोस्टर स्पर्धा होऊन जाते.

वॉर्डातला प्रश्न

ही वाट सर्वांत अवघड आहे आणि मला सर्वांत मोलाची वाटते. दहा-बारा आठवडे लागतात, काही दुपारी शाळेबाहेर जावं लागतं, पालकांची लेखी संमती लागते. अमेरिकेतल्या सेंटर फॉर सिव्हिक एज्युकेशनच्या ‘प्रोजेक्ट सिटिझन’मध्ये मुलं चार भागांत मांडणी करतात: प्रश्न काय आहे, त्यावर कोणकोणते उपाय निघू शकतात, आम्ही कोणता निवडला, आणि तो अमलात यावा म्हणून आम्ही काय करणार. हा साचा आपल्याकडेही चालतो, फक्त प्रश्न आपल्या गल्लीतला हवा.

समजा, शाळेसमोरचा फुटपाथ घेतला. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी. मुलं टेप घेऊन मोजतात: इथे विजेचा डीपी बॉक्स, तिथे लावलेल्या दुचाकी, पुढे फरशाच उखडलेल्या. मग कोणाकडे जायचं? फरशा पथ विभागाकडे, दुचाकी वाहतूक पोलिसांकडे, अतिक्रमण तिसऱ्याच खात्याकडे. एकाच पन्नास पावलांच्या पट्ट्यात इतकी खाती निघतात आणि पाठ्यपुस्तकातला धडा डोळ्यांसमोर उभा राहतो.

याच ठिकाणी शिक्षकांनी फार सांभाळायला हवं. फुटपाथवर वडापावची गाडी असते. मुलांच्या यादीत तिचा उल्लेख ‘अडथळा’ म्हणून गेला आणि कारवाई झाली, तर एका घराची चूल बंद होते. फेरीवाल्यांना संरक्षण देणारा कायदा 2014 पासून आहे. गाडीवाल्या काकांशी मुलांनी आधी बोलायचं, त्यांचं म्हणणं वहीत लिहायचं, आणि चालणारे व विकणारे दोघांनाही जागा मिळेल असा उपाय शोधायचा. नागरिकत्व म्हणजे नुसती तक्रार नव्हे, हे बारा वर्षांच्या मुलाला इथे कळतं.

निवेदन मुलांनी लिहावं, सही मुख्याध्यापकांची असावी, आणि ते महापालिकेच्या आपल्या भागातल्या क्षेत्रीय कार्यालयात द्यायला चार-पाच मुलांनी स्वतः जावं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून पोच घ्यायला विसरू नका. तो शिक्का मुलं वर्गात सगळ्यांना दाखवतात.

पुण्यात 2006 पासून नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली छोटी कामं सुचवता येतात. हे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास मागवतात. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणजे मोजणी जुलैत उरकली तर मुलांची सूचना वेळेत पोचते. मोठ्या माणसाच्या नावाने अर्ज द्यावा लागला तरी मजकूर मुलांचाच राहू द्या. काम मंजूर होईलच असं नाही, हे मात्र मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. उत्तर नाही आलं तर महिन्याभराने स्मरणपत्र पाठवायचं, आणि तरीही नाही आलं तर शिक्षकांनी किंवा पालकांनी स्वतःच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज करायचा. त्यावर 30 दिवसांत उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे.

मग निवड कशी करावी?

वर्गात साठ मुलं आणि शिक्षक एकच असेल तर शाळेतल्या कचऱ्यापासून सुरुवात करा. दोन शिक्षक आणि तीन-चार तयार पालक असतील तर थेट वॉर्डात जा. मुलांना शाळेतल्या प्रकल्पाचा अनुभव असेल तर सातवीसाठी वॉर्डच घ्यावा. मुख्याध्यापक निवेदनावर सही करायला तयार नसतील, तर वॉर्डाचा प्रकल्प त्या वर्षी सुरू करू नका. मुलांनी महिनाभर मोजमापं घेतल्यावर कागद टेबलाच्या खणात अडकला, तर पुढच्या वर्षी तीच मुलं टेप हातात घेणार नाहीत.