पदकं ‘तपासायला’ नेणाऱ्यापासून सावध राहा

खटाव तालुक्यात माझ्या काकी एकट्याच राहतात. त्यांच्याकडे गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक गोडबोल्या माणूस आला. म्हणाला, “मावशी, पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुत-अल-अमाराला तुर्कांच्या कैदेत गेलेल्या जवानांच्या वारसांना लंडनहून दोन लाख मिळणार आहेत. मूळ पदकं तपासणीला द्यावी लागतील. नोंदणीचे साडेचार हजार.”

लबाडाचा अभ्यास मात्र पक्का होता. आमचे पणजोबा ११० मराठा पलटणीत होते, कुतच्या वेढ्यात अडकले आणि परत आलेच नाहीत. तिथल्या ब्रिटिश-हिंदी फौजेनं २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करली, ही तारीखसुद्धा त्यानं बिनचूक सांगितली. काकींचा विश्वास बसला तो तिथेच.

त्यांनी पणजोबांची तिन्ही पदकं त्याच्या हातात दिली. पुढे ती कुरियरनं परत आली, घासूनपुसून लखलखीत. काकी खूश! मी गावी गेल्यावर ती हातात घेतली. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या गोल पदकाच्या कडेवर जवानाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ‘१९१४-१५’ लिहिलेल्या ब्राँझच्या चांदणीवर हेच सगळं मागच्या बाजूला असतं. लहानपणी ती इंग्रजी अक्षरं मी एकेक करून लावली होती. आता कडा गुळगुळीत आणि चांदणीची पाठ कोरी. चांदीचं पदकही हाताला हलकं लागलं. म्हणजे खरी ठेवून त्यानं नकली परत केली होती. संग्राहक पैसे मोजतात ते नावाला आणि पलटणीला. कुतच्या पलटणीचं नाव असेल तर विचारूच नका.

त्याचा फोन बंद. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, “तुमचीच पदकं, हे ओळखायचं कशावरून?” आमच्याकडे फोटो एकच, भिंतीवरच्या चौकटीचा. त्यात राजाचं तोंड तेवढं दिसतं. नंबर घरात कुणीच लिहून ठेवलेला नव्हता.

चांदणी म्हणजे शौर्यपदक नव्हे. १९१५ संपेपर्यंत आघाडीवर पोचलेल्यांना दिलेलं ते मोहिमेचं पदक. अशा तेवीस लाखांहून जास्त चांदण्या वाटल्या गेल्या, त्यांच्यामागे कसला भत्ता असणार? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारलं, तर अशी योजनाच नाही, हे उभ्या उभ्याच कळलं. महायुद्धात मरण पावलेल्या जवानाचं नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या त्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. त्यासाठी पदक कुणाच्या हातात द्यावं लागत नाही. शिवाय शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं गुन्हा आहे. ‘लंडनला पाठवतो’ म्हणणाऱ्याला आधी परवाना दाखवायला सांगा.

आपल्या साताऱ्यात, फौजींचं गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एकट्या अपशिंग्यातच नव्हे, गावोगाव ट्रंकांमध्ये ही पदकं पडून आहेत. आज रात्रीच बाहेर काढा आणि कडेचा, पाठीचा फोटो अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून घ्या. कुठल्या लिलावात ११० मराठाची चांदणी दिसली, तर विक्रेत्याकडे तिच्या पाठीचा फोटो मागा आणि मला कळवा. आडनाव मी ओळखेन.