जुना इफोर विल्यम्स ५०५ : रंग बघू नका, रबर उचला

पोरीला घोड्याचं वेड लागलं की आधी पोनी येतो, मग त्याचा खुराक, नाल, डॉक्टर, आणि या सगळ्याने खिसा रिकामा झाल्यावर घोडा न्यायचा, गाडीमागे ओढायचा ट्रेलर. इंग्लंडात दोन घोड्यांचा नवा ट्रेलर पाच हजार पौंडांच्या आत मिळेल ही आशा सोडा. मी डर्बीशरमधल्या एका शेतकऱ्याकडून इफोर विल्यम्स कंपनीचा ५०५ मॉडेलचा जुना ट्रेलर घेतला आणि घरासमोर उभा करून स्वतःच दुरुस्त केला. आता तो नियमित रस्त्यावर असतो, त्यामुळे बरं-वाईट दोन्ही सांगता येईल.

इफोर विल्यम्सच का? वेल्समध्ये कोरवेनजवळची ही कंपनी १९५८ पासून ट्रेलर बनवते, आणि इकडे शेताशेतावर तिचा मेंढ्यांचा एखादा डबा उभा दिसतो. त्यामुळे मॉडेल बंद झालं तरी बिजागरीपासून ब्रेकच्या केबलपर्यंत सुटे भाग मिळतात. चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, जस्तात बुडवून काढलेली असते. माझी इतकी जुनी असूनही वायर ब्रश फिरवल्यावर खाली धड पत्रा निघाला. सिरियल नंबरावरून ट्रेलर कुठल्या वर्षाचा ते कळतं. नंबराची पट्टीच उखडलेली असेल तर दर कितीही पाडून मिळो, सरळ घरी या.

आता फ्लोअर. विकणारा म्हणाला, "ॲल्युमिनियमचा आहे, सडायचा प्रश्नच नाही." जुन्या ट्रेलरच्या जवळपास प्रत्येक जाहिरातीत हे वाक्य असतं. ॲल्युमिनियम लाकडासारखं कुजत नाही हे खरं, पण ते खाल्लं जातं, आणि तेही वरून अजिबात न दिसता. घोडा दिवसाला पाच-दहा लिटर लघवी सहज करतो. फ्लोअर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा, त्यावर जाड रबर चिकटवलेलं असतं आणि कडेने फट बुजवणाऱ्या सीलंटची रेघ असते. ती रेघ तडकली की लघवी आणि धुण्याचं पाणी रबराखाली शिरतं आणि तिथेच मुरत बसतं. वर रबर चकचकीत, खाली पट्ट्यांची चाळण.

आम्ही पटाशी घालून रबराचा मागचा कोपरा उचलला तेव्हा आधी वास आला, डोळ्यांत पाणी आणणारा. मग पांढरी भुकटी दिसली, ओलसर, रांगोळीसारखी. झाडून काढल्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो मुठीच्या वजनानेच आरपार गेला. घोडा चढतो त्या रॅम्पजवळच्या पट्ट्या सगळ्यात वाईट होत्या, कारण पाणी उतरतं ते तिकडेच. आत उभं राहून उड्या मारून फ्लोअर तपासणारे खूप बघितले. त्याला काडीचा अर्थ नाही. टॉर्च घेऊन खाली सरपटा, चासीच्या आडव्या दांड्यांना फ्लोअर जिथे टेकतो ती जागा बघा, आणि रबराचा एक तरी कोपरा उचलू द्या म्हणा. नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच.

नव्या फ्लोअरसाठी दोन रस्ते होते. इथे ज्याला बफेलो बोर्ड म्हणतात तो फिनॉलिक प्लाय (राळेचा थर दिलेला प्लायवूड) स्वस्त, घरी कापता येतो. पण कापलेली प्रत्येक कड आणि प्रत्येक भोक सील केलं नाही तर दोन हिवाळ्यांत फुगतो. मी पुन्हा ॲल्युमिनियमच्या, एकमेकींत अडकणाऱ्या पट्ट्या घेतल्या. माल उत्तम होता. मात्र ज्या दुकानदाराने ऑनलाइन किट पाठवलं (नाव घेत नाही) त्याने सोबत साधे झिंक चढवलेले स्क्रू दिले होते. लघवीच्या ओलीत ॲल्युमिनियम आणि पोलाद एकत्र आले की रोग तिथूनच सुरू होतो. ते स्क्रू डब्यात टाकले, स्टेनलेसचे बोल्ट घेतले आणि धातूला धातू टेकेल तिथे गंज रोखणारी ड्युरलॅकची पिवळी पेस्ट फासली. रबर या वेळी चिकटवलेलं नाही, नुसतं अंथरलंय. जड आहे, बायको कुरकुरते, पण प्रत्येक फेरीनंतर उचलून खालून धुता येतं.

एक ब्रॅकेट वेल्ड करावं लागलं. मी मूळचा कोल्हापूरचा, तिथल्या कारखान्यांच्या उद्यमनगरात गॅल्व्हनाइज्डचं, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचं, वेल्डिंग केलं की गडी दूध पितात. दूध जरूर प्या, चांगलं असतं. जस्ताच्या धुरावर मात्र त्याचा उपयोग नाही. आधी जस्त ग्राइंडरने उडवा, मास्क लावा, उघड्यावर काम करा.

ब्रेकचं काम वाटतं तितकं अवघड नाही. ड्रमच्या मागच्या प्लेटवर नंबर असतो, तो बघून शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे) मागवायचे. ॲडजस्ट करताना आधी चाकांचे ब्रेक, मग ते ओढणारा रॉड, आणि चाक पुढच्याच दिशेने फिरवायचं. मागे फिरवलं तर ऑटो-रिव्हर्सची (ट्रेलर मागे घेताना ब्रेक लागू न देणारी) यंत्रणा शू सैल करते आणि तुम्ही उगाच आवळत बसता. हँडब्रेक ओढून ट्रेलर मागे ढकला. गाडीला जोडायच्या कपलिंगचा दांडा नेट लावल्यावर आत जाऊन सावकाश बाहेर यायला हवा. भसकन आत जाऊन तिथेच बसला तर धक्का झेलणारा डॅम्पर गेला. टायरची नक्षी बघून भुलू नका, बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३११ म्हणजे २०११ चा तेविसावा आठवडा. माझ्या ट्रेलरचे टायर नक्षीने नवेकोरे होते आणि बाजूंना बारीक चिरा. चारही बदलले. रॅम्पच्या स्प्रिंगांना हात लावताना मात्र जोडीला माणूस घ्याच, त्या ताणलेल्या असतात.

छप्पर फायबरग्लासचं, शेवाळाने हिरवंगार झालेलं. बारीक पॉलिश पेपर आणि कंपाउंडने निघालं. खालच्या प्लायच्या कडा थोड्या फुगल्यात, तशाच ठेवल्यात.

हे सगळं इतकं मनावर घ्यायचं कारण, साडेतीन टनांपर्यंतच्या ट्रेलरला इथे वार्षिक तपासणीच नाही. त्यात १६ डिसेंबर २०२१ पासून ब्रिटनचं साधं कार लायसन्स असलेल्याला वेगळी परीक्षा न देता असा ट्रेलर ओढता येतो. आपल्यातले बरेच जण त्यामुळे आता या वाटेला लागलेत.

ट्रेलरला पाचपैकी चार. ओढायला स्थिर, मोटरवेवर ताशी साठ मैलांच्या वेगात शेपूट हलवत नाही, पोनी कुरकुर न करता चढतो. एक कापला तो आतल्या उजेडासाठी आणि मागच्या दिव्यांसाठी, त्यांत पाणी शिरतंच. फ्लोअर, टायर आणि ब्रेक धरून खरेदीच्या निम्म्याहून जास्त पैसे वर गेले, तेव्हा भाव करताना हा आकडा डोक्यात ठेवा. आणि घोडा सोळा-दोन हातांहून (घोड्याच्या मापात सोळा हात दोन इंच, एक हात म्हणजे चार इंच) उंच असेल तर ५०५ च्या नादी लागू नका, याच कंपनीचा मोठा ५१० शोधा.