तारे बघायला जायचं कुठे? वांगणी, खिरेश्वर, भंडारदरा की काशीद

घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या गच्चीवरून अगदी अमावस्येला वर पाहिलं, तरी आकाश काळं दिसत नाही. पूर्वी केशरी दिसायचं, एलईडी दिवे आल्यापासून पांढुरकं दिसतं. मृगाचे चार पाय आणि पोटातला बाण, व्याध, एखादा ग्रह, यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. मग कुणीतरी विचारतं, 'गाडी काढून कुठे जावं?' आणि दहातले नऊ जण सांगतात, 'माळशेज.' मला हे उत्तर अर्धंच वाटतं. काय बघायचंय आणि ते आकाशाच्या कुठल्या बाजूला असणार, हे आधी ठरवलं तर जागा आपोआप ठरते. कधी कधी तर कुठे जायचीच गरज नसते.

शनीची कडी, गुरूचे चार चंद्र, चंद्रावरची विवरं बघायला अंधार लागत नाही. लागते ती स्थिर हवा आणि बऱ्यापैकी दुर्बीण. मुलीला शनी दाखवायचा असेल, तर तेवढ्यासाठी घाट चढू नका. सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभे राहा. रस्त्याचा दिवा थेट डोळ्यांत आला नाही की काम झालं. पारसिकची टेकडी किंवा खारघरचा डोंगर यांनी यापेक्षा फार काही मिळत नाही. खाली चारी बाजूंना शहरच आहे. येऊरचं नाव बरेच जण घेतात, पण ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथे बिबटे आहेत आणि शेजारी ठाणं झगमगत असतं. रात्री तारे बघायला जायची ती जागा नव्हे.

अंधार लागतो तो धूसर गोष्टींना. आकाशगंगेचा पट्टा, देवयानी दीर्घिका, उल्कावर्षाव, पुष्य नक्षत्रातला धुकट पुंजका. अमेरिकेचे हौशी निरीक्षक जॉन बॉर्टल यांनी 2001 साली आकाशाच्या अंधाराची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. 1 म्हणजे अस्सल काळोख, 9 म्हणजे महानगराचा मध्य. आपण शेवटच्या दोन पायऱ्यांवर राहतो. ही पट्टी उपयोगी आहे, तिच्यावर बेतलेले रंगीत नकाशेही उपयोगी आहेत, पण नकाशावरचा ठिपका तुमच्या डोक्यावरच्या आकाशाबद्दल सांगतो, चार दिशांबद्दल नाही. शहराचा उजेड एका बाजूने घुमटासारखा चढलेला असतो. तो घुमट नेमका तुम्हाला हव्या त्या बाजूला असेल, तर डोक्यावरचा काळोख निम्मा वाया गेला. त्यामुळे मी जागा दिशेवरून तोलते.

वांगणीपासून सुरुवात करू, कारण मुंबई परिसरातल्या कित्येकांनी पहिली आकाशगंगा तिथेच पाहिली आहे. हॅलेचा धूमकेतू येऊन गेला त्या 1985-86च्या सुमारास सुरू झालेलं मुंबईचं खगोल मंडळ तिथे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम वर्षानुवर्षं घेत आलं आहे. ठाण्याहून कर्जत लोकलने तासाभरात पोचता येतं, गाडी नसली तरी अडत नाही. नवी मुंबईकरांना ठाण्याला येऊन गाडी बदलावी लागते, तरीही प्रवास आवाक्यातला. भूगोलही मदतीला येतो. पश्चिमेला मलंगगड-माथेरानची डोंगररांग उभी आहे, तिच्यामुळे पनवेल-नवी मुंबईचे दिवे थेट दिसत नाहीत. वरचा उजेड मात्र रांग ओलांडून येतोच. उत्तरेकडून बदलापूर वाढत वाढत वांगणीच्या उंबऱ्याशी आलं आहे, नेरळ-कर्जतकडे नवी संकुलं उभी राहताहेत. वीस वर्षांपूर्वीची वांगणी आज नाही, हे स्पष्ट सांगायला हवं.

तरीही हिवाळ्यात पूर्वेकडचं आकाश तिथे अजून चांगलं आहे. डिसेंबरात रात्री आठ-नऊला मृग पूर्वेला वर येत असतो, कृत्तिका माथ्याकडे चढलेल्या असतात. 13-14 डिसेंबरच्या रात्री मिथुनेचा उल्कावर्षाव असतो, तोही पूर्वेकडून वर येतो. उगवणारं सगळं वांगणीला बघावं. मावळणारं, विशेषतः ऑक्टोबरात संध्याकाळी नैर्ऋत्येला उतरत असलेली धनु राशीतली आकाशगंगा, तिथे शहराच्या उजेडात बुडते. पहिल्यांदाच जाणाऱ्याने, लहान मुलं असलेल्या घराने, नक्षत्रांची ओळख नसलेल्याने वांगणीच निवडावी आणि एकट्याने न जाता कार्यक्रमाबरोबर जावं. शेजारी हिरवा लेझर धरून 'ही शर्मिष्ठा, तिच्यापासून खाली ही देवयानी' असं सांगणारा माणूस असला, की मध्यम आकाशातही खूप दिसतं. ओळख नसलेल्याला फार काळं आकाश उलट गोंधळात टाकतं, एवढे तारे की मृगसुद्धा हरवतो.

आता माळशेज. घाटमाथा, ठाण्याहून कल्याण-मुरबाडमार्गे शंभरेक किलोमीटर. पण घाटातून कल्याण-अहिल्यानगर महामार्ग जातो आणि रात्रभर ट्रक चालतात. दर दोन मिनिटांनी हेडलाइट डोळ्यांवर आला, तर काळोखाला सरावायला लागणारी वीस-तीस मिनिटं कधी मिळणारच नाहीत. म्हणून घाटात थांबू नका, पुढे खुबी फाट्याला महामार्ग सोडा आणि खिरेश्वरला जा. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं गाव, पिंपळगाव जोगा धरणाच्या पाण्याकाठी. ट्रेकवाल्यांमुळे घरगुती जेवण-मुक्कामाची सोय आहे. गाडी नसेल तर कल्याणहून आळेफाट्याकडे जाणारी एसटी खुबी फाट्यावर सोडते, तिथून पुढे धरणाच्या भिंतीवरून चालत. ती चाल उजेडातच उरका.

खिरेश्वरचं माझ्या लेखी खरं मोल दक्षिणेत आहे. आपण 19 अंश उत्तर अक्षांशावर राहतो. ध्रुव आपल्याला क्षितिजापासून 19 अंशांवर, बराच खाली दिसतो, पण त्याच्या बदल्यात दक्षिणेचं मोठं दान मिळालेलं आहे. त्रिशंकू म्हणजे दक्षिण आकाशातला क्रुसाच्या आकाराचा छोटा तारकासमूह. दिल्लीहून तो जवळजवळ क्षितिजाला टेकलेला असतो. आपल्याकडे तो दहा अंश वर येतो, म्हणजे हात लांब करून मूठ धरली तर साधारण एक मूठ. एप्रिलअखेरीस रात्री साडेदहा-अकराला तो दक्षिणेला सरळ उभा असतो, डाव्या हाताला मित्र आणि मित्रक हे दोन ठसठशीत तारे. त्यांच्या वर नरतुरंग तारकासमूहात ओमेगा सेंटॉरी, लाखो ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ. नुसत्या डोळ्यांना तो जरा फुगीर, न लुकलुकणाऱ्या ताऱ्यासारखा दिसतो. 10×50ची साधी द्विनेत्री लावली की त्याला कडा राहत नाही, पीठ चाळल्यासारखा पसरतो. हे बघायला दक्षिण क्षितिज खालपर्यंत मोकळं हवं. खिरेश्वरला गड उत्तरेला आणि दक्षिणेकडे पाणी नि मोकळं रान आहे. दक्षिणेला पुणे आहे खरं, पण शंभरेक किलोमीटरवर, त्याचा उजेड क्षितिजालगत राहतो. मुंबई-कल्याणचा घुमट पश्चिमेला. मार्चमध्ये पहाटे चार-पाचला आग्नेयेला वृश्चिक आणि धनु चढतात. ज्येष्ठाच्या लाल ठिपक्यापासून मूळ नक्षत्राच्या आकड्यापर्यंत सबंध विंचू दिसतो आणि त्याच्या शेपटीजवळ आकाशगंगा सगळ्यांत दाट असते.

दोन गोष्टींचं भान ठेवा. जुन्नर तालुका बिबट्यांचा आहे, त्यामुळे रात्री धरणाच्या भिंतीवर भटकायचं नाही. मुक्कामाच्या अंगणातून किंवा गच्चीवरून बघा. दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. एप्रिल-मेमध्ये ठाणे-रायगडच्या डोंगरांत राब भाजतात म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळतात, वणवे लागतात, धुराचा थर क्षितिजावर बसतो आणि खालचे तारे तांबूस होऊन विझतात. म्हणून त्रिशंकूसाठी मी एप्रिलपेक्षा मार्चची मध्यरात्र पसंत करते. झोप मोडते, पण हवा स्वच्छ मिळते.

भंडारदरा आणखी लांब, ठाण्याहून कसारा-इगतपुरी-घोटीमार्गे दीडशे किलोमीटरच्या आसपास. आकाश या चारांत सगळ्यांत काळं, यात शंका नाही. उत्तरेला कळसूबाईची रांग आहे, 1646 मीटरचं महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर याच रांगेत. तिने नाशिककडचा उजेड बराचसा अडवलेला आहे. पुष्यातला पुंजका इथे शोधावा लागत नाही, नजर वर गेली की तो असतोच. ठाण्यात तो नुसत्या डोळ्यांनी दिसतच नाही. जागा किती अंधारी याची यापेक्षा सोपी परीक्षा मला माहीत नाही.

तरीही भंडारदरा मी डोळे झाकून सुचवत नाही. तलावाकाठी तंबूंची गर्दी आहे आणि शनिवारी रात्री तिथे रंगीत माळा, स्पीकर, शेकोट्या असं सगळं असतं. दीडशे किलोमीटर जाऊन पुन्हा दिव्याखाली बसायचं? मेअखेर-जूनमध्ये काजव्यांसाठी येणाऱ्या गाड्यांचे हेडलाइट रात्रभर फिरतात. त्यांचा त्रास ताऱ्यांना होत नाही, पण काजव्यांना होतो, आणि मला त्याचं जास्त वाईट वाटतं. जायचं तर आठवड्यातल्या मधल्या दिवशी, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, तंबूंपासून दूर. रतनवाडी-साम्रदकडची गावं जास्त काळोखी आहेत, मात्र रतनगडाच्या बाजूला डोंगर अंगावर येतो आणि आकाशाचा तेवढा तुकडा कापला जातो. दुर्बिणीतून देवयानी आणि मृगातला तेजोमेघ तासन्‌तास बघायचे असतील, फोटो काढायचे असतील, तर भंडारदराच. नुसतं 'आकाशगंगा एकदा बघू' म्हणणाऱ्याला खिरेश्वर पुरेसं आहे.

काशीदबद्दल थोडक्यात. पनवेलकरांना रेवदंड्यामार्गे शंभरेक किलोमीटर. मुंबई-अलिबागचा उजेड उत्तरेला जातो, जिथे ध्रुवाखेरीज आपल्याला फारसं काही नको असतं, म्हणजे कागदावर ही जागा उत्तम. पण समुद्राची दमट हवा क्षितिजालगतच्या दहा-पंधरा अंशांत सगळं गिळते, नेमका त्रिशंकूचा पट्टा. भिंगावर दव पटकन चढतं. किनाऱ्यावर हॉटेलांचे झोत आहेत आणि वाटेत साळावच्या कारखान्याचा उजेड. कुटुंबाची समुद्राची सहल असेल आणि अमावस्या जवळ असेल, तर रात्री वाळूवर आडवं पडून व्याधाखालचा अगस्त्य तारा जरूर बघा. तो त्रिशंकूपेक्षा बराच वर असतो. तेवढ्यासाठी मुद्दाम मात्र जाऊ नका.

पांढरे एलईडी येताहेत ते फक्त शहरात नाही, गावच्या चौकातही. पांढऱ्या दिव्यातला निळा उजेड हवेत जास्त विखुरतो, म्हणून तेवढाच दिवा पिवळ्यापेक्षा आकाश जास्त उजळतो. विदर्भातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी 2024मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला, आणि त्यासाठी आसपासच्या गावांत उजेड जमिनीकडेच पडेल असे पथदिवे बसवले गेले. काळोख करावा लागला नाही, दिव्याचं तोंड खाली वळवावं लागलं. खिरेश्वर किंवा वांगणीच्या ग्रामपंचायतीला हे परवडणार नाही असं मला वाटत नाही, आणि तिथे जाणाऱ्या आपण सगळ्यांनी ते मागितलं पाहिजे.

तारखेसाठी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. वद्य दशमीपासून शुद्ध चतुर्थीपर्यंतच्या रात्री कामाच्या. दशमीला चंद्र मध्यरात्र उलटून दोनच्या पुढे उगवतो, चतुर्थीला साडेनऊच्या आसपास मावळतो. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबर उजाडेपर्यंत पैसे भरून ठेवू नका, ढगांचा भरवसा नाही. मुक्काम ठरवताना जेवणाची चौकशी करण्याआधी हे विचारा: गच्चीवर जाता येतं का, दक्षिणेला झाडं किंवा इमारत आहे का, आणि जेवणं आटोपल्यावर अंगणातला हॅलोजन बंद कराल का. शेवटच्या प्रश्नाला जे मालक लगेच 'हो' म्हणतात, त्यांच्याकडेच राहा, बाकीच्या सोयी थोड्या कमी असल्या तरी.