फुटलेल्या फायबर बोटीला पॉलिएस्टर लावावं की इपॉक्सी?

शिडाच्या बोटीचा तळ खडकावर आपटून फुटला, की ग्राइंडर हातात घेण्याआधी ठरवावं लागतं की रेझिन (काचेच्या कापडात मुरून कडक होणारा चिकट द्रव) कुठलं आणायचं. बोट मुळात पॉलिएस्टरची, म्हणून दुरुस्तीही पॉलिएस्टरनेच करायची, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही.

साच्यात नवी बोट घडते तेव्हा एक थर पुरता कडक व्हायच्या आत त्यावर दुसरा चढतो आणि दोन्ही एकजीव होतात. तुमच्यापुढचा तळ मात्र कित्येक वर्षांपूर्वीच कडक झालेला आहे. त्यावर नवं रेझिन टिकतं ते घासलेल्या पृष्ठभागाला धरून, आणि ही पकड इपॉक्सीची कितीतरी घट्ट असते. शिवाय पॉलिएस्टर कडक होताना आकारमानात साधारण 5 ते 8 टक्के आकसतं, त्याचा ताण नेमका सांध्यावर येतो. इपॉक्सी त्यामानाने थोडंच आकसतं आणि पाण्यालाही जास्त दाद देत नाही. तेव्हा पाण्याच्या रेषेखालचं भोक, कीलच्या (तळाखालच्या उभ्या पात्याच्या) मुळाशी गेलेला तडा, डोलकाठीच्या तारा जिथे अडकवतात त्या पट्ट्यांची जागा, असं काही असेल तर महाग पडलं तरी इपॉक्सीच घ्या.

पॉलिएस्टरची खरी जागा वर आहे. जेलकोटचा, म्हणजे बोटीच्या सगळ्यात बाहेरच्या चकचकीत रंगीत थराचा, टवका उडालाय, ओरखडा आहे, वरवरच्या बारीक चिरा आहेत, तिथे पॉलिएस्टर जेलकोट भरा, घासा, पॉलिश करा. काम झटपट होतं आणि मूळ रंगाशी मेळही बसतो. हवेप्रमाणे त्यातला कॅटलिस्ट (रेझिन कडक करणारं रसायन) 1 ते 2 टक्क्यांच्या आसपास कमीजास्त करता येतो. इपॉक्सीत ही मोकळीक अजिबात नाही. डब्यावर रेझिन आणि हार्डनरचं (ते कडक करणाऱ्या दुसऱ्या भागाचं) प्रमाण 2:1 लिहिलंय तर 2:1, 5:1 लिहिलंय तर 5:1. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवलं तर थर मऊ राहतो आणि सगळं खरवडून काढावं लागतं. इपॉक्सीला ऊनही सोसत नाही, त्यामुळे वर रंग हवाच.

कापडही रेझिन पाहून घ्यायचं. सुट्या तंतूंच्या मॅटमधला चिकट पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, मग मॅट मऊ होऊन वळणावर बसते. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, म्हणून त्यासोबत शिवलेलं बायअॅक्सियल (दोन दिशांना धागे असलेलं) किंवा विणलेलं कापड वापरा.

पण रेझिन कितीही भारी आणलं तरी भोकाच्या कडा घासून उतार नीट काढला नसेल तर ठिगळ निघणारच. जाडीच्या 12 पट लांबीचा उतार धरतात. तळ 6 मिमी जाड असेल तर भोकाच्या चहूबाजूंनी 72 मिमी घासायचं. म्हणजे 5 सेंमीच्या भोकाची जवळजवळ 20 सेंमीची बशी होते. धडधाकट भाग घासताना जीवावर येतं, पण हात आखडू नका. उतार बरोबर उतरला की काचेच्या कापडाचे थर झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे एकाबाहेर एक दिसू लागतात. घासण्याआधी अॅसिटोनने पुसायला विसरू नका, नाहीतर पृष्ठभागावरचं मेण पॉलिश पेपर आणखी आत चोळतो. तळात बाल्सा (एक हलकं लाकूड) किंवा फोमचा गाभा असेल तर हातोडीने हलकेच ठोकत जा. जिथे आवाज बद्द येतो तिथे थर सुटलेत किंवा गाभा कुजलाय. कुजलेला काढून टाका, ओला पूर्ण वाळू द्या. तोवर रेझिनचा डबा उघडूच नका.

त्रास दोन्हींचा आहे. पॉलिएस्टरचा वास डोक्यात जातो आणि त्याच्या कॅटलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. इपॉक्सीची अॅलर्जी एकदा जडली की सहसा पाठ सोडत नाही. चष्मा, हातमोजे आणि रसायनांच्या वाफा अडवणारा मास्क लागतोच.

दोन्ही वापरायचं असेल तर क्रम सांभाळा. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी खुशाल लावा. इपॉक्सीवर पॉलिएस्टर जेलकोट चढवणं मात्र जिकिरीचं: इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो आधी साध्या पाण्याने आणि खरखरीत घासणीने धुवून मगच पॉलिश पेपर मारायचा, आणि इपॉक्सी आत कुठे अर्धवट कच्चं राहिलं असेल तर जेलकोट चिकटच राहतो. म्हणून इपॉक्सीच्या ठिगळावर मी दोन भागांचा पॉलियुरेथेन रंगच सुचवेन, आणि पाण्याखाली आधी इपॉक्सी प्रायमर.