जुन्या घराला मागे खोली जोडली : नऊ महिने राहून झाल्यावर

आमचं घर रत्नागिरीच्या उत्तरेला, जयगड खाडीपासून थोडं वर. पुढे खळं, मग पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी परस. संडास परसात, चाळीस पावलांवर. दोन वर्षांपूर्वी श्रावणात सासूबाई त्या वाटेवर घसरल्या आणि मागे खोली काढायचं ठरलं. बारा बाय चौदाची खोली, तिलाच लागून पाच बाय आठचं संडास-बाथरूम, भिंती धरून साधारण २६५ चौरस फूट. भातकापणी झाल्यावर नोव्हेंबरात काम सुरू झालं, मेच्या मध्यावर संपलं. अंदाज साडेसहा लाखांचा होता, गेले नऊ लाख दहा हजार. नवरा चिपळूणला नोकरीला, शनिवार-रविवारी घरी. बाकीचे दिवस बांधकामावर मीच.

आधी कागद. सातबाऱ्यावर सासऱ्यांबरोबर दोन चुलत सासऱ्यांची नावं, त्यामुळे दोघांची संमती हवी. एक बोरिवलीला, एक बडोद्याला. भांडण कुणाशीच नव्हतं, तरी सह्या मिळायला दोन महिने गेले. गणपतीत सगळे घरी येतात तेव्हाच कागद पुढे केला असता तर एका आरतीत काम झालं असतं, हे मला दिवाळीत सुचलं. किनाऱ्याजवळ असाल तर भरतीरेषेपासूनचं अंतर आधी नकाशावर बघून घ्या. समुद्राकडून ५०० मीटरच्या आत सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम लागतात, खाडीकाठी हे अंतर कमी धरतात. आम्ही त्याच्या बाहेर निघालो. ग्रामपंचायतीत घरपट्टी वाढली, बाकी काही नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. नवी खोली बांधणं अवघड नाही, कोकणातला कुठलाही गवंडी चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांची खोली नीट उभी करतो. अवघड आहे ती जुन्या घराला चिकटवणं. आमच्या नऊ महिन्यांतल्या तक्रारी मोजल्या तर दहातल्या आठ त्या सांध्याच्याच आहेत.

जुन्या भिंती मातीत रचलेल्या जांभ्याच्या. खाली पाया म्हणजे डबराची रांग, तीही दीड फूट खोल. त्याच्याशेजारी नव्या पायाचा चर खणायचा तर एकदम सगळा खणायचा नाही, नाहीतर जुनी भिंत खालून मोकळी होते. आमच्या मेस्त्रींना हे माहीत होतं. चार फूट खणायचं, भरून घ्यायचं, मग पुढचे चार फूट. यात आठवडा जास्त गेला आणि मी तेव्हा कुरकुरले, ती कुरकुर आता मागे घेते. पुढची गंमत अशी की उत्तरेच्या कोपऱ्यात दोन फुटांवर कातळ लागला आणि दक्षिणेला पाच फूट खणलं तरी भरावाची मातीच. कधीकाळी तिथे उकिरडा असणार. एकाच खोलीचा एक पाय खडकावर आणि एक मातीत, म्हणजे खोली थोडी तरी बसणार हे तिथेच कळलं होतं.

इंजिनिअरचं म्हणणं, नवी भिंत जुन्या भिंतीत अडकवू नका, मध्ये इंचभर फट ठेवा, थर्माकोल भरा, वरून पट्टी मारा. मेस्त्रींचं म्हणणं, "वहिनी, फट कशी ठेवायची? उंदीर राहतील. दाते सोडून जुन्यात गुंफून घेऊ, पन्नास वर्षं असंच बांधतोय." शेवटी कोकणी तोडगा निघाला. उत्तरेला इंजिनिअरचं ऐकलं, दक्षिणेला मेस्त्रींचं. ऑगस्टमध्ये दक्षिणेच्या सांध्यावर वरपासून खालपर्यंत चीर गेली, जुने दोन चिरेही दुभंगले. उत्तरेला फट तशीच आहे, पट्टी तशीच आहे. उंदीर अजून आलेला नाही. खरं तर दक्षिणेलाच भराव होता, म्हणजे फट तिथेच जास्त हवी होती, पण तोडगा काढताना हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

स्वयंपाकघराच्या भिंतीत दार फोडलं तो दिवस वेगळा सांगायला हवा. टेकू लावून वरचा भार धरला होता, तरी दोन चिरे काढले आणि तिसऱ्याबरोबर मातीचा ढीग खाली आला. गिलाव्याच्या आत भिंत म्हणजे नुसते चिरे आणि वाळवीने पोखरलेली माती. मग दाराच्या दोन्ही बाजूंनी सिमेंटमध्ये नव्याने बांधून वर लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, टाकावं लागलं. हे कुठल्याच अंदाजपत्रकात नव्हतं. जुनी भिंत फोडायची असेल तर तिच्या नावाने थोडे पैसे बाजूला ठेवाच.

छपराचं तर विचारू नका. जुनं घर मंगळुरी कौलांचं, उतार मागे. नवी खोली स्लॅबची. जुन्या छपराचं मागचं सगळं पाणी आता परसात न पडता स्लॅबच्या कडेला येणार, म्हणून मध्ये पत्र्याची पन्हळ. फॅब्रिकेटरने सहा इंचांची बसवली. सासूबाई खाली उभ्या राहून म्हणाल्या, "अगो, एवढ्याशा पन्हळीत पागोळ्या मावतील का?" तो हसला. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे हसू नये. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झड सुरू झाली आणि रात्री दोन वाजता पन्हळ भरून पाणी उलटं स्वयंपाकघरात आलं. पुढचे पंधरा दिवस परात, बादली, टोप. शेवटी उघडीप बघून एक फुटाची पन्हळ बसवली, उतार वाढवला आणि स्लॅबकडच्या बाजूला गिलाव्यात खाच मारून पत्र्याची पट्टी आत घातली, म्हणजे भिंतीवरून उतरणारं पाणी पन्हळीतच पडतं. त्यानंतर थेंब नाही. फक्त वानरं कौलांवरून उडी मारून पन्हळीत उतरतात, तेव्हा आवाज असा होतो की झोपलेला माणूस उठून बसतो.

बांधकाम चालू असताना घरात राहणं काय असतं, ते कुणी आधी सांगत नाही. चिरा तासताना उडणारी लाल धूळ पिठाच्या डब्यात, अंथरुणात, देव्हाऱ्यात. साडेपाच महिने आम्ही तांबडी भाकरी खाल्ली म्हणा. मैल्याची लाईन नव्या टाकीला जोडताना संडास अकरा दिवस बंद होता, तेव्हा शेजारच्यांनी सांभाळून घेतलं. हे आधी ठरवून ठेवा, त्या दिवशी विचारायला जाऊ नका. टाकीची जागाही विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला धरा.

माणसं शिमग्याला गायब होतात. आमचे गवंडी पालखीसाठी गेले ते तेरा दिवसांनी आले. बिगारी विजापूरकडचे, ते होते, पण गवंड्याशिवाय बिगारी काय करणार. पुढे एप्रिलात आंबा सुरू झाला आणि दोन माणसं बागेत हापूस काढायला गेली. स्लॅब शिमग्याच्या आधी ओतून झाला म्हणून वाचलो. सेंट्रिंगवाल्याला आठव्या दिवशी फळ्या-टेकू हवे होते, कारण त्याचं दुसरं काम अडलं होतं. इंजिनिअरने चौदा दिवस सांगितलेले, मी काढू दिले नाहीत. भांडण झालं. होऊ दे.

पाणी मारण्याचं काम माझ्याकडे. स्लॅबवर वाफे करून पाणी उभं ठेवायचं, भिंतींना सकाळ-संध्याकाळ. आमच्या विहिरीला मार्चात पाणी असतं, पण खालच्या वाडीतल्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. तसलं पाणी काँक्रीटला वापरू नका, आतली सळई गंजते. खाडीची रेती स्वस्तात देणारा एकजण आला होता, "धुतलेली आहे वहिनी" म्हणाला. चिमूटभर जिभेवर ठेवली. खारट. दगड भरडून केलेली क्रश सँडच घेतली.

चिऱ्याबद्दल एवढंच, खाणीतून नुकता काढलेला मऊ असतो आणि हवेत राहून घट्ट होतो, म्हणून आधीच मागवून रचून ठेवा. पिवळट, मातकट निघालेला परत पाठवा. आमच्या पहिल्या ट्रकमधले साठ-सत्तर तसे होते, ते परसाच्या गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या भिंतीला गेले.

आता वापर. बाथरूमवर मी खूश आहे. दार तीन फुटी, उंबरा नाही, भिंतीला धरायला स्टीलचा दांडा. तो ३१६ ग्रेडचा घ्या, महाग पडतो पण खाऱ्या हवेत टिकतो. खिडकीच्या लोखंडी ग्रिलला रंगाचे दोन हात देऊनही दसऱ्याला गंज फुटला होता. प्लायवूडचं कपाट ही आमची चूक. नैर्ऋत्येच्या भिंतीला लावलं, जुलैत मागून बुरशी धरली, फळी फुगली. त्या भिंतीला बाहेरून गिलावा न करता चिऱ्यांमधल्या नुसत्या दरजा (फटी) भरल्या होत्या, चिरा दिसावा म्हणून. सुंदर दिसतो, पण तिरक्या पावसात पाणी पितो. आता मेमध्ये बाहेरून गिलावा करणार.

स्लॅबची खोली तापते, हे लोक सांगतात आणि तरी आपण स्लॅबच घालतो. मेअखेरीस सासूबाई रात्री उशी घेऊन ओटीवर गेल्या. स्लॅबवर पत्र्याची शेड घातली, तिचे अठ्ठेचाळीस हजार, हेही अंदाजात नव्हतं. वायरिंग, पन्हळ, ग्रिल, टाकी, राडारोडा उचलणं, यातलं मजुरीच्या ठरावात काहीच नसतं. चौरस फुटाचा दर ऐकून खूश होण्याआधी त्यात काय नाही ते लिहून घ्या. पैसे टप्प्याटप्प्याने दिले, जोतं, लिंटेल, स्लॅब, गिलावा, आणि शेवटचे चाळीस हजार पहिल्या पावसानंतर देईन म्हणून अडवून ठेवले, ते बरं केलं. त्यातले पंचवीस पन्हळ बदलल्यावर दिले.

उरलेले पंधरा हजार दक्षिणेच्या सांध्याला गेलेल्या चिरेपोटी माझ्याकडे आहेत. गेल्या आठवड्यात फोन केला तर मेस्त्री म्हणाले, शिमगा झाला की येतो. कुठल्या वर्षाचा, ते मी विचारलं नाही.